झोपाळ्याची फळी चिकट राहतेय, घरी पॉलिश करणाऱ्यांनी मदत करा

झोपाळावेडा | ११ जुलै

नमस्कार मंडळी. आमच्या सांगलीच्या घरी ओसरीवर आजोबांच्या वेळचा झोपाळा आहे. फळी सागवानी, साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड. वर काळपट चॉकलेटी थर बसला होता. जूनच्या शेवटी चार दिवस सुट्टी टाकली आणि फळी उतरवली. व्हिडिओ बघून सामान आणलं: ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, अक्रोड रंगाचं स्टेन, चकचकीत व्हार्निश.

घासलं, पुसलं, स्टेन मारलं. तिथूनच वाट लागली. मधल्या भागात रंग धरेचना आणि दोन्ही टोकांना चढला तो थेट काळ्या कॉफीसारखा. वाटलं, व्हार्निशखाली झाकलं जाईल. झाकलं तर नाहीच, वर आज नववा दिवस आहे आणि व्हार्निश वाळलेलं नाही. काल आई विसरून टेकली. उठली तेव्हा साडीची वीण फळीवर जशीच्या तशी उमटलेली.

शिवाय कड्यांच्या बोल्टांभोवती रुपयाएवढे काळे डाग आहेत, ते घासून जात नाहीत. अजून एक हात मारू का? की पंख्याखाली ठेवू?

चहाटळ | ११ जुलै

वीण छान आली असेल तर तशीच ठेवा. इरकल फिनिश म्हणून खपेल.

माडाबनातली | ११ जुलै

वाचतेय. आमच्याकडे फणसाचा देव्हारा आहे, त्याचं काय करावं हा प्रश्न दोन वर्षं पडून आहे. पण जुलैत पॉलिश? आमच्याकडे जुलैत पापडसुद्धा कोणी डब्याबाहेर काढत नाही.

काचकागद | ११ जुलै

अजून हात अजिबात मारू नका. ओल्यावर ओलं चढवलं की खालचं आत कोंडतं आणि मग महिना गेला तरी वाळत नाही. तीन गोष्टी सांगा.

ही फळी आजवर कशाने पुसत होतात? नुसतं फडकं, की तेल, की मेण?

८० नंतर थेट १२० आणि मग स्टेन, असंच ना? मध्ये थिनरने पुसलं होतं का?

आणि फळीची खालची बाजू तशीच आहे ना, की तीही घासली? तशीच असेल तर कोपऱ्यात कापसाने स्पिरिटचा एक थेंब ठेवा, अर्धं मिनिट थांबा आणि बोट लावून बघा. बोट चिकटलं तर जुनं पॉलिश लाखेचं. नाही चिकटलं तर शेजारी थिनरचा थेंब ठेवा. त्याने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे प्लास्टिकसारखे कडक थर, पण आजोबांच्या झोपाळ्यावर ते असण्याची शक्यता कमी.

लाकडावर काय चढवायचं हे ठरवण्याआधी त्यावर काय चढलेलं आहे ते कळायला हवं. व्हिडिओत नेहमी कोरी करकरीत फळी असते, तिथेच सगळे फसतात.

झोपाळावेडा | १२ जुलै

काका, खालची बाजू जुनीच आहे. स्पिरिट लावलं, बोट टचकन चिकटलं, कापूस नारिंगी झाला. म्हणजे लाख.

आणि तेलाचं आईला विचारलं. उत्तर ऐकून मीच खाली बसलो. दर पाडव्याला आणि दिवाळीला खोबरेल. आजी करायची म्हणून आईने चालू ठेवलं. चाळीस वर्षं तरी झाली. "लाकडाला पण अंग असतं," म्हणाली.

थिनरने पुसलं नव्हतं. ओल्या फडक्याने पुसलं होतं.

रसायनवाली | १२ जुलै

सापडला की चोर!

शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते. तेलं दोन जातीची. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याची घट्ट कातडी होते. याला आपण 'वाळणं' म्हणतो, पण यात काही उडून जात नाही, उलट वजन वाढतं. खोबरेलात सुमारे ९०% संपृक्त मेदाम्लं. त्यांना प्राणवायू पकडायला जागाच नाही. त्यामुळे खोबरेल चाळीस वर्षांनीही खोबरेलच राहतं. तुमच्या फळीच्या मधल्या भागात, जिथे माणसं बसतात आणि आई जास्त चोळते, तिथे ते भरून राहिलंय. स्टेन आत शिरायला जागा नाही. व्हार्निश वर बसलं तर खालून तेल त्यात शिरतं आणि ते कधीच पुरतं कडक होत नाही.

त्यात सागवान स्वतःही तेलकट. त्याच्यातले काही घटक व्हार्निशचं वाळणं मंदावतात. म्हणजे तुमच्यावर दोन्हीकडून मार.

टोकांचा प्रश्न वेगळा. तिथे लाकडाच्या नळ्या कापून उघड्या पडलेल्या असतात, त्या रंग ढसाढसा पितात. टोकं बाकी फळीपेक्षा बारीक पेपरने घासायची, म्हणजे फळी १८० वर थांबवली तर टोकं ३२० पर्यंत. मग रंग सारखा लागतो.

काचकागद | १२ जुलै

ताईंनी मांडणी मस्त केली. आता काम.

व्हार्निश खरवडून काढा. ओलंच आहे, पत्र्याच्या पट्टीने सोलून निघेल. पेपरने घासायला जाऊ नका, दोन मिनिटांत पेपर डिंकासारखा भरतो आणि पैसे वाया. मग थिनर घेऊन जुन्या सुती फडक्याने पुसायचं, फडकं बदलत राहायचं. पहिलं फडकं तपकिरी निघेल, पाचवं पिवळट. फडकं कोरं निघेपर्यंत पुसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, आतलं तेल वर आलेलं असतं. माझ्या एका पाटाला हे चार दिवस करावं लागलं होतं.

धुण्याचा सोडा लावू नका, कोणीतरी सुचवेलच. तेल निघतं, पण सागवान काळवंडतं.

घासताना ८० ने सुरुवात ठीक, पण पुढे १२०, १८० आणि शेवटी २२०. मधली पायरी गाळली की ८० चे ओरखडे स्टेनखाली वर येतात, उन्हात तर झळकतात. आणि कायम रेषेच्या दिशेने.

चहाटळ | १२ जुलै

आईचं खोबरेल काढायचं हे आईला कोण सांगणार?

झोपाळावेडा | १२ जुलै

तेच तर.

सुताराचा_नातू | १३ जुलै

उशिरा आलो. एक विचारतो, राग मानू नका. सागवानाला अक्रोडाचा रंग कशाला? सागवान उघडं केलं की पहिल्या दिवशी फिकट दिसतं म्हणून लोक घाबरतात. चार-सहा महिने थांबा, उजेडाने आपोआप मधाच्या रंगावर येतं. स्टेन पाइनला लावा, रबरवूडला लावा. ज्याच्याकडे स्वतःचा रंग आहे त्याला रंगवायचं म्हणजे हापूसवर साखर.

आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. आजोबा फक्त लाखेचं पॉलिश करायचे. चपडी म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, त्या लिटरभर स्पिरिटला दीडशे ग्रॅम या मापाने काचेच्या बरणीत भिजत घालायच्या. रात्रभरात विरघळतात. पण वापरायची घाई नाही. चार-पाच दिवस बरणी हलवायची नाही. लाखेतलं मेण तळाशी गढूळ बसतं, वरचं चहासारखं स्वच्छ पाणी हळूच दुसऱ्या बरणीत ओतायचं. ते वरचं कामाचं. मेण काढलेल्या लाखेवर पुढे व्हार्निशही धरतं, पीयूही धरतं. मेणासकट असेल तर पीयू पापुद्र्यासारखं सुटतं.

आता पोटली, म्हणजे लाख लावायचा बोळा. आत लोकरीचा तुकडा, जुन्या स्वेटरचा चालतो. बाहेरून धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमलीचं किंवा धोतराचं कापड. लाख आतल्या लोकरीला पाजायची, बाहेरच्या कापडावर ओतायची नाही. दाबली की कापडावर ओल दिसली पाहिजे, थेंब नाही. फळीवर पोटली विमान उतरतं तशी चालतीच टेकवायची आणि चालतीच उचलायची. मध्ये थांबलात की कापड तिथेच चिकटणार आणि खालचा थर ओढून काढणार. अडखळायला लागली तर पोटलीच्या तळाला जवसाच्या तेलाचं एक बोट. काम संपलं की पोटली झाकणाच्या डब्यात, दोन थेंब स्पिरिट टाकून. आजोबांची एक पोटली कित्येक वर्षं चालली. आजी तिला त्यांची दुसरी बायको म्हणायची.

रसायनवाली | १३ जुलै

नातू, सुरेख लिहिलंय. भर घालते: लाख हा किड्याचा स्राव आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर हे किडे वस्ती करतात. कुसुमावरच्या लाखेला कुसुमी म्हणतात, पळस आणि बोरावरचीला रंगीनी. औषधाच्या गोळ्या आणि चॉकलेटांवर जी चकाकी असते तीही हीच, वेष्टनावर ई ९०४ असं लिहिलेलं असतं. त्यामुळे नातवंडाने झोपाळ्याची कड चावली तरी घाबरू नका. अर्थात स्पिरिट पूर्ण उडाल्यावर.

विरघळवलेली लाख फार दिवस ठेवू नका. सहा महिन्यांनंतर काचेच्या तुकड्यावर थेंब वाळवून बघा. तासाभरानेही नख रुतत असेल तर बरणी ओतून द्या.

चहाटळ | १३ जुलै

म्हणजे हे लाक्षागृहात झोके घेणार.

माडाबनातली | १३ जुलै

हसण्यावारी नेऊ नका. मेथिलेटेड स्पिरिट भसकन पेटतं आणि उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. आमच्या ओळखीत एकांनी देव्हाऱ्याला स्पिरिट पॉलिश केलं आणि अर्ध्या तासात संध्याकाळ झाली म्हणून समोर समई लावली. देव्हारा वाचला, पडदा गेला. काम चालू असेल तोवर उदबत्ती नाही, निरांजन नाही, गॅसच्या शेजारची खोली तर नाहीच.

थंडप्रदेश | १४ जुलै

मिनेसोटातून लिहितोय. आगीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण भारतात हे कोणी सांगताना मी ऐकलं नाही. इथे जवसाच्या तेलाच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत सूचना असते: तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. मला आधी अतिशयोक्ती वाटायची. एकदा पोळपाटाला उकळलेलं जवस लावलं आणि बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. तासा-दोन तासांनी करपल्याचा वास. डबा बाहेर बर्फात उलटा केला तर बोळा आतून काळा आणि वाफाळता.

वर ताईंनी सांगितलं त्याचीच ही दुसरी बाजू. तेल प्राणवायू घेताना उष्णता सोडतं. फडकं पसरलेलं असेल तर ती निघून जाते, चुरगळलेलं असेल तर आतच साठते. फडकी एकेक करून दोरीवर उघड्यावर वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवून ठेवा. खोबरेलाच्या फडक्याला ही भीती नाही, जवसाच्या फडक्याला नक्की आहे.

झोपाळावेडा | १४ जुलै

बापरे. माझ्याकडे जवसाचा डबा आहे, व्हिडिओवाल्याने सांगितला म्हणून आणलेला. फडकी जिन्याखाली नेऊन टाकणार होतो.

प्रश्न असा की झोपाळ्यावर रोज माणसं बसतात, चहा घेतात, मुलं पाय घेऊन चढतात. लाख टिकेल? की पीयू बरं?

काचकागद | १४ जुलै

मी पीयूच्या बाजूने. लाखेवर गरम कप ठेवला की पांढरं कडं पडतं, पाणी सांडून राहिलं तरी पडतं, आणि सॅनिटायझरचा हात लागला तर पॉलिशच विरघळतं. मेण काढलेल्या लाखेचे दोन हात खाली सीलर म्हणून मारा, म्हणजे राहिलेलं तेल आतच अडकेल, आणि वर पीयूचे तीन हात. दोन डब्यांचं, हार्डनरवालं पीयू घेणार असाल तर रुमाल बांधून भागत नाही, कोळशाची डबी असलेला मास्कच हवा. हार्डनरची वाफ फुप्फुसाला लागते. घरात लहान मुलं असतील तर पाण्यावर चालणारं पीयू घ्या. वास कमी, रंगही पिवळा पडत नाही. फक्त पाण्याने लाकडाचे बारीक काटे उभे राहतात, म्हणून पहिल्या हातानंतर ३२० फिरवायचा.

सुताराचा_नातू | १४ जुलै

काका, आदर ठेवून असहमत. पीयूला ओरखडा पडला की काय करणार? सगळी फळी पुन्हा घासणार. लाखेला ओरखडा पडला की स्पिरिटची पोटली फिरवली, नवा थर जुन्यात विरघळून एक होतो. डायनिंग टेबलाला पीयू द्या, मी आड येणार नाही. पण झोपाळ्यावर बसणाऱ्या माणसाचा हात सतत फळीवर फिरत असतो. प्लास्टिकवर फिरवायचा का?

काचकागद | १४ जुलै

हात फिरवायला मलाही आवडतो हो. दर वर्षी पोटली फिरवायला कोण येणार, एवढाच प्रश्न आहे.

माडाबनातली | १५ जुलै

दोघेही थांबा, आधी पाऊस संपू दे. सध्या लाख मारली तर दुधाळ होईल. आमच्याकडे कपाटाचं झालंय. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं, असं पॉलिशवाल्याने सांगितलं होतं. दसऱ्याआधी हात लावू नका.

झोपाळावेडा | १५ जुलै

मान्य. तेल काढायचं काम आता करतो, पॉलिश दसऱ्यानंतर. बोल्टांचे काळे डाग तेवढे सांगा कोणीतरी.

रसायनवाली | १५ जुलै

लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन यांची ती शाई आहे, अक्षरशः. जुनी लिहायची शाई अशीच हिराकसापासून, म्हणजे लोखंडाच्या क्षारापासून करत. लाकूड उघडं झाल्यावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरा. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे, प्लास्टिकच्या भांड्यात. ब्रशने डागावर लावा, वीस-पंचवीस मिनिटं थांबा, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसा. विषारी आहे, हातमोजे घाला, भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. नीट न पुसता घासायला घेतलंत तर भुकटी नाकातोंडात जाऊन जाळते. आणि परत लोखंडी बोल्ट लावलात तर डाग परत येणार.

ओटीवरची | २ ऑगस्ट

नवीन आहे, धाग्यात घुसते. आमच्या वाड्याच्या दारांना हिरवा ऑइलपेंट आहे, चार-पाच थर. खाली सागवान असावं. मशीन लावून उडवू का?

काचकागद | २ ऑगस्ट

नको! जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. घरगुती रंगांत शिसं दशलक्ष भागांत ९० भागांवर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचे थर त्याआधीचेच असणार. कोरडं घासलंत तर ती धूळ घरभर आणि मुलांच्या पोटात. रिमूव्हर लावून ओलंच खरवडा, पोपडे कागदात गोळा करा. हीट गनने जाळायचाही मोह टाळा. सविस्तर वेगळा धागा काढा, लिहितो.

झोपाळावेडा | २२ नोव्हेंबर

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा राहिला होता.

तेल निघायला सहा दिवस लागले. पाच वेळा वाटलं झालं, आणि रात्री ट्यूबलाइटखाली मधोमध पुन्हा ओलसर चमक. सातव्या दिवशी फडकं कोरं आलं. ऑक्झॅलिकने तीन डाग गेले, चौथ्याचा करडा ठिपका राहिला, तो राहू दिला. सगळं घासून २२० वर आणलं तेव्हा फळीला चामड्यासारखा तो सागाचा वास सुटला. आई तेव्हा पहिल्यांदा जवळ येऊन उभी राहिली.

स्टेन लावलं नाही. नातूसाहेबांचं ऐकलं, लाखच केली. दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी सुरुवात. अर्धा लिटर भिजवली. पहिली पोटली फार ओली झाली आणि फळीवर गोगलगाय गेल्यासारखा पट्टा उमटला. तो दुसऱ्या दिवशी ३२० ने काढला. तिसऱ्या दिवसापासून हात बसला. सकाळी एक थर, संध्याकाळी एक, तुळशीपुढे दिवा लागायच्या आत काम बंद. एकूण अकरा थर. सहाव्या-सातव्या थरापर्यंत काही विशेष दिसत नव्हतं. आठव्याला फळीच्या आत खोली आली, रेषा हलल्यासारख्या दिसायला लागल्या. फोटोत ते येत नाही, चारदा काढून बघितला.

काकांचं भाकीतही खरं ठरलं. भाऊबीजेला मेहुण्यांनी चहाचा कप ठेवला. पांढरं कडं. सगळे गप्प. पोटलीवर स्पिरिट घेऊन, जवळजवळ कोरडी करून, कड्यावरून पाच-सहा वेळा सपासप फिरवली आणि कडं गेलं. मेहुण्यांनी दुसरा कप मुद्दाम ठेवून बघायची इच्छा व्यक्त केली, ती फेटाळण्यात आली.

चहाटळ | २२ नोव्हेंबर

आणि खोबरेल?

झोपाळावेडा | २२ नोव्हेंबर

खालची बाजू जुनीच ठेवली आहे. पाडव्याला आई वाटी घेऊन आली, मी काही बोललो नाही. वाकून खालून चोळत होती.

काचकागद | २३ नोव्हेंबर

खालून लावलेलं तेल दीड इंच वर यायला तुमची नातवंडं यावी लागतील. चालू द्या. बोल्ट कसले बसवले?

झोपाळावेडा | २३ नोव्हेंबर

पितळी मिळाले नाहीत त्या मापाचे. स्टेनलेस लावलेत, खाली नायलॉनचे वॉशर.